मुलाचं पहिलं बँक खातं: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

जून-जुलैत शाळा सुरू झाल्या की बँकेत दप्तर अडकवलेली मुलं आणि हातात झेरॉक्सचा गठ्ठा धरलेले पालक दिसू लागतात. कुणाला शिष्यवृत्तीसाठी खातं हवं असतं, तर कुणाला दिवाळीची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे नीट ठेवायचे असतात. मी अनेक वर्षं बँकेत काउंटरमागे काम केलं आहे. तिथे पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देतो आहे. एक मत मात्र आधीच सांगतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत ते डोकावेल: नुसतं नाव लावल्याने खातं मुलाचं होत नाही. स्लिप त्याने भरावी, पासबुक त्याने वाचावं, पैसे का काढायचे हे त्याने सांगावं, तरच त्या खात्याचा त्याला उपयोग होतो.

किती वर्षांच्या मुलाचं खातं उघडता येतं?

वयाची खालची मर्यादा नाही. तान्ह्या बाळाचंही बचत खातं किंवा मुदत ठेव उघडता येते. फक्त सह्या आणि व्यवहार पालक करतात. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने खातं उघडू आणि चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली होती. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने हे नियम नव्याने एकत्र मांडले आणि १ जुलै २०२५ पर्यंत आपापली धोरणं त्यानुसार करून घ्यायला बँकांना सांगितलं. हे नियम व्यापारी बँकांबरोबर नागरी सहकारी, राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही लागू आहेत.

मुलगी अकरा वर्षांची आहे, तरी बँक म्हणते पालकांच्या सहीशिवाय खातं नाही. हे नियमाला धरून आहे का?

आहे. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतंत्र खातं द्यावंच अशी सक्ती नाही. देता येईल असं नियम म्हणतो. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर द्यायचं, हे प्रत्येक बँक आपली जोखीम बघून ठरवते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन बँकांत दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. वाद घालण्यापेक्षा ‘अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलांच्या खात्याबद्दल तुमच्या बँकेचं धोरण काय आहे, ते दाखवता का?’ असं शांतपणे विचारा. पटलं नाही तर शेजारच्या बँकेत जा. स्वतंत्र खातं दिलं तरी ओळख पटवण्यासाठी बँका सहसा आई किंवा वडिलांना एकदा बोलावतातच, आणि त्यात वावगं काही नाही.

पालकांसोबतचं खातं चांगलं की मुलाचं स्वतंत्र?

दहाच्या आत हा प्रश्न येतच नाही, पालकांमार्फतच उघडावं लागतं. दहाच्या पुढे मी स्वतंत्र खात्याच्या बाजूने आहे, फक्त मुलाला नाव, रक्कम आणि तारीख बिनचूक लिहिता आली पाहिजे.

उदाहरण म्हणून स्टेट बँकेच्या दोन योजना बघा. ‘पहला कदम’ कोणत्याही वयाच्या मुलासाठी आहे आणि त्यात पालक सोबत असतात. ‘पहली उडान’ दहा वर्षांवरच्या, एकसारखी सही करू शकणाऱ्या मुलासाठी आहे, आणि ते खातं मूल एकट्याने चालवतं. कार्ड दोन्हीकडे मिळतं, पण त्यावरून रोज काढता येणारी रक्कम लहान ठेवलेली असते. इतर मोठ्या बँकांतही नावं वेगळी आणि रचना साधारण अशीच असते.

स्वतंत्र खातं म्हटलं की पालकांना धास्ती वाटते. ती थोडी कमी व्हावी म्हणून सांगतो: अज्ञान मुलाच्या खात्यात, ते स्वतंत्र असो वा पालकांमार्फत, शिलकीपेक्षा जास्त पैसे काढू द्यायला बँकेला मनाई आहे. शिल्लक शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे मुलाच्या हातून कर्ज होण्याची भीती नाही. यामागे जुना कायदा आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून बँक त्याला उसने पैसे देऊन वसुलीला जाऊ शकत नाही.

वडील परगावी नोकरीला आहेत. आई एकटी पालक म्हणून सही करू शकते का?

हो, करू शकते. यावर कुणी शंका काढली तर मागे हटू नका. बँकेतल्या ठेवींपुरती ही मुभा रिझर्व्ह बँकेच्या १९७६ च्या परिपत्रकापासून आहे आणि २०२५ च्या परिपत्रकातही तिचा स्पष्ट उल्लेख आहे.

याच विषयावर एक महत्त्वाचा खटला झाला, आणि तो रिझर्व्ह बँकेविरुद्धच होता. १९८४ मध्ये एका जोडप्याने आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड मागितले. पालक म्हणून आईची सही होती, आणि त्याला वडिलांची लेखी संमती होती. बँकेने वडिलांचीच सही मागितली, नाहीतर आईला पालक नेमल्याचा अधिकृत दाखला आणायला सांगितलं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘वडील, आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द होते, त्यावर बँकेने बोट ठेवलं. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या प्रकरणात निकाल दिला की, त्या शब्दांचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच घेता येणार नाही. वडील जवळ नसतील, मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा दोघांनी मिळून तसं ठरवलं असेल, तर वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते.

मुलाला रोज शाळेत सोडणारी, त्याचं दप्तर भरणारी, डॉक्टरकडे नेणारी आई बँकेत आली की तिला ‘साहेबांना घेऊन या’ असं सांगितलं जातं, हे मी पाहिलं आहे. तसं सांगणं चूक आहे.

आजी-आजोबा किंवा मामा पालक म्हणून खातं उघडू शकतात का?

आई-वडील हयात असतील तर सहसा नाही. आजोबा खात्यात पैसे भरू शकतात, पण पालक म्हणून सही आई-वडिलांपैकी एकाची लागते. दोघेही नसतील तर न्यायालयाने नेमलेल्या पालकाचा आदेश लागतो. मूल बालगृहात किंवा संस्थेच्या देखरेखीखाली असेल तर बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत सोबत न्या. मूल दहाच्या पुढचं असेल आणि बँक स्वतंत्र खातं देत असेल तर वाट बरीच सोपी होते. आजीकडे वाढणाऱ्या मुलांसाठी मी आधी तीच बँक शोधायला सांगतो.

कागदपत्रं कोणती लागतात?

मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आधार, दोघांचे फोटो, आणि पालकांचं आधार व पॅन. दहावरच्या मुलासाठी काही शाखा शाळेचा बोनाफाईड दाखला मागतात. मुलाचं पॅन नसलं तरी अडत नाही, त्याऐवजी एक घोषणापत्र भरून देता येतं. झेरॉक्ससोबत मूळ कागद न्यायला विसरू नका.

खरं घोडं अडतं ते नावापाशी. जन्मदाखल्यावर नुसतं ‘कु. सई’, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव, शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे निराळं, असं हमखास सापडतं. खातं एखाद्या वेळी उघडेलही, पण शिष्यवृत्तीचे पैसे येताना नाव जुळलं नाही की रक्कम परत जाते. म्हणून बँकेत जाण्याआधी घरी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्ती करायची असेल तर आधी आधारची करा आणि मग शाळेची. खातं सर्वांत शेवटी उघडा.

आधारबद्दल आणखी एक गोष्ट. पाच वर्षांच्या आत काढलेल्या निळ्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. ते राहिले असतील तर बँकेत अंगठ्याने ओळख पटत नाही, आणि दोष यंत्राला दिला जातो.

मुलाची सही रोज बदलते. काय करावं?

आठवडाभर घरी सराव करून घ्या. पूर्ण नाव सुटं-सुटं लिहिलं तरी ती सही असते. वळणदार फराटे हवेतच असं नाही. मराठीत सही चालते, आणि मुलाचा हात देवनागरीत जास्त स्थिर असेल तर देवनागरीतच ठरवा. ठरलेली सही एका कागदावर तारखेसह करून पासबुकात ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी ती नेमकी कशी होती हे आठवत बसावं लागणार नाही. मूल मोठं होताना सही बदलणारच. बदलली की शाखेत जाऊन नवी नोंदवता येते.

बँक कोणती निवडावी?

शाळेच्या किंवा घराच्या वाटेवरची, मुलाला चालत जाता येईल अशी. व्याजातल्या अर्ध्या टक्क्यापेक्षा हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण शाखा लांब असली की मूल तिथे जात नाही आणि सगळे व्यवहार आपोआप पालकांच्या मोबाईलवर होऊ लागतात.

दुसरी गोष्ट किमान शिल्लक. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरची ही अट काढली. अलीकडे आणखी काही सरकारी बँकांनीही काढली. खासगी बँकांत मुलांच्या खात्यालाही अट असू शकते, कधी पालकांचं खातं तिथेच असेल तर सवलत मिळते. एसएमएसचे, कार्डाचे वार्षिक पैसे किती कापणार, हे खातं उघडण्याआधी विचारा. आठशे रुपये शिलकीतून शंभर-दोनशे रुपये कार्डापोटी गेले, तर मुलाचा बँकेवरचा विश्वासच उडतो.

तिसरी गोष्ट सुरक्षितता, आणि महाराष्ट्रात ती जरा सविस्तर सांगावी लागते. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम देतं. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी १ लाख होती. पालक म्हणून मुलासाठी ठेवलेली रक्कम पालकाच्या स्वतःच्या ठेवीत मिळवली जात नाही, तिला वेगळं संरक्षण असतं. नागरी सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही. गावात पतसंस्थेचा माणूस ओळखीचा असतो, पिग्मी गोळा करणारा रोज दारात येतो, आणि मोठ्यांच्या व्यवहाराला तिथे जरूर जागा आहे. तरी मुलाचं पहिलं खातं बँकेत किंवा पोस्टात असावं असंच मी सांगेन. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले तेव्हा लोकांना आपलेच पैसे काढता येईनात, आणि त्या बँकेला विमा असूनही ही वेळ आली होती. जिथे विमाच नाही तिथे मुलाची पुंजी कशाला ठेवायची?

पोस्टाचं खातं कसं आहे?

चांगलं आहे, विशेषतः जिथे बँकेची शाखा दूर आहे तिथे. पाचशे रुपयांत उघडतं, व्याज ४ टक्के आहे, आणि दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल ते स्वतः चालवू शकतं. ज्यांनी शाळेत संचयिकेत चार-आठ आणे भरले आहेत, त्या पालकांना पोस्टाची ही छोटी पुस्तिका ओळखीची वाटेल.

जनधन खातं मुलाच्या नावाने निघतं का?

दहा वर्षांवरच्या मुलाचं निघतं. किमान शिलकीची अट नसलेलं साधं बचत खातं कुठल्याही बँकेत मागता येतं. तो हक्क आहे, उपकार नव्हे.

शिष्यवृत्ती मंजूर झाली, खात्यात पैसे येत नाहीत. का?

या प्रश्नाने सर्वांत जास्त पालक हेलपाटे घालतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

सरकारी शिष्यवृत्ती आता थेट लाभ हस्तांतरणाने (डीबीटी) येते. यात पुष्कळदा पैसे खाते क्रमांकावर न येता आधार क्रमांकावर येतात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जमा करायचे याची नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाकडे असते, आणि एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते. शेवटी ज्या बँकेने ती नोंद केली, पैसे तिथे जातात. लहानपणी पोषण आहाराच्या किंवा दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी भलतीकडे खातं उघडलेलं असेल तर रक्कम त्या विसरलेल्या खात्यात पडून असण्याची शक्यता असते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. ‘खात्याला आधार जोडलंय’ आणि ‘आधारवर पैसे घेण्यासाठी हेच खातं नोंदवलंय’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बँकेने फक्त तुमची ओळख नोंदवून ठेवलेली असते. दुसरीसाठी वेगळा संमतीअर्ज भरावा लागतो. काउंटरवर ‘आधार लिंक करा’ एवढंच म्हटलं तर पहिलं काम होतं आणि दुसरं राहून जातं. म्हणून ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे’ असे नेमके शब्द वापरा आणि अर्जाची पोच घ्या. नोंद कुठल्या बँकेची आहे हे आधारच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतं, फक्त आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला हवा.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये गरीब घरातल्या मुलीला शाळेत टिकवून धरू शकतात. एका स्पेलिंगपायी ते अडकणं फार वाईट. परीक्षेला बसतानाच खातं, आधार आणि शाळेतलं नाव तपासून घ्या. निकालापर्यंत थांबू नका.

पहिल्या दिवशी बँकेत मुलाला काय करू द्यावं?

जमेल तेवढं सगळं. गर्दी नसलेली वेळ निवडा. पगाराचे दिवस आणि सोमवार टाळा. रांगेत त्याला उभं राहू द्या. भरणा स्लिप त्यालाच लिहू द्या: तारीख, खाते क्रमांक, रक्कम आकड्यात आणि अक्षरी. पाचवी-सहावीतल्या मुलाला ‘एक हजार दोनशे पन्नास फक्त’ असं स्वतःच्या हाताने लिहिताना बघा, गणिताच्या वहीत जे महिनोन्महिने होत नाही ते तिथे होतं. नोटा त्याने मोजाव्यात आणि कॅशियरच्या हातात त्यानेच द्याव्यात. शिक्का मारलेला तुकडा त्याने सांभाळावा.

स्लिप मराठीत असू शकते. ग्राहकांच्या वापराचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत असावेत अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. काउंटरवर फक्त इंग्रजी गठ्ठा दिसला तर मराठी स्लिप मागा, आणि मुलासमोर मागा.

आणि स्लिप चुकली म्हणून तुम्ही हिसकावून घेऊन भरू नका. दुसरी कोरी स्लिप द्या. मागे रांग असेल तर बाजूला होऊन लिहा. पहिल्याच भेटीत पैसे काढूनही बघावेत असं माझं म्हणणं आहे, भले शंभर रुपये का होईना. भरलेले पैसे परत मिळतात हे मुलाला स्वतः बघायचं असतं, आणि ते बघितल्याशिवाय त्याची खात्री पटत नाही.

व्याज कसं समजावून सांगू?

पासबुकातून. बचत खात्यावर १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात आणि साधारण दर तिमाहीला जमा करतात. दर प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, स्टेट बँकेत जून २०२५ पासून २.५ टक्के आहे. दोन हजार रुपये वर्षभर हलवले नाहीत तर तिथे सुमारे ५० रुपये मिळतील, पोस्टात ४ टक्क्यांनी ८०. मुलाला आधी हिशेब करायला लावा आणि मग पासबुक छापून आणा. आकडा थोडा इकडे-तिकडे आला तर का आला हे दोघं मिळून शोधा.

रक्कम लहान वाटेल. ती लहानच आहे, आणि हे मुलाला खरं-खरं सांगा. पैसे वाढवायला बचत खातं नसतं, ते सुरक्षित आणि हाताशी ठेवायला असतं. वर्षभर लागणार नाहीत एवढे साठले की मुदत ठेवीच्या दराचा तक्ता दाखवा, आणि त्यातून काय निवडायचं ते त्याच्यावर सोडा.

एटीएम कार्ड आणि यूपीआय द्यावं का?

बँकेने दिलं तरी पहिलं वर्ष स्लिपवर काढा, असं मी सांगतो. नोटा हाताळल्याशिवाय पडद्यावरचे आकडे मुलाला खरे वाटत नाहीत. कार्ड घेतलंत तर पिन मुलाने ठरवावा आणि तो पासबुकावर लिहू नये. ऑनलाइन खरेदीची सोय बंद ठेवा, आणि दुकानात व एटीएमवर खर्चाची मर्यादा स्वतः कमी करून घ्या. बँकेच्या ॲपमध्ये ही बटणं असतात.

मुलाच्या खात्यावर यूपीआय द्यायचं की नाही, हे बँक ठरवते. कॉलेजला बसने जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी ‘यूपीआय सर्कल’ ही २०२४ मध्ये सुरू झालेली सोय बघा. तिच्यात पैसे तुमच्या खात्यातून जातात, पण मुलाला ठराविक मर्यादेत खर्च करता येतो किंवा प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागते.

फसवणुकीबद्दल मुलाला काय सांगावं?

ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, आणि खेळाच्या ॲपमध्ये ‘बक्षीस’ म्हणून खाते क्रमांक द्यायचा नाही. हे दर महिन्याला पुन्हा सांगा.

मोठ्या मुलांना आणखी एक धोका आहे आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही. ‘तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, दोन हजार तुझे’ असं कुणी मित्र किंवा ‘दादा’ सांगतो. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. पोलीस माग काढत येतात तेव्हा खातं या मुलाचं निघतं, ते गोठवलं जातं आणि चौकशीही त्याचीच होते. अकरावी-बारावीतली मुलं यात अडकतात, कारण खातं वापरायला देणं त्यांना गुन्हा वाटतच नाही. त्यांना स्पष्ट शब्दांत बजावा की आपलं खातं, कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही.

फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवता येते. मुलाला रागावण्यात तो वेळ घालवू नका. रागावण्याच्या भीतीने मुलं गोष्ट लपवतात, आणि पैसे तोवर पुढे निघून जातात.

मुलाच्या खात्यातल्या व्याजावर कर लागतो का?

अज्ञान मुलाचं व्याजाचं उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जुन्या करप्रणालीत प्रत्येक मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट होती. मुलाने स्वतःच्या श्रमाने किंवा कलेने मिळवलेलं उत्पन्न, म्हणजे एखाद्या बालकलाकाराचं मानधन, असं मिळवलं जात नाही. कर वाचवायला आपली मोठी ठेव मुलाच्या नावावर करण्यात त्यामुळे काही हशील नाही. पाच-दहा हजार शिलकीच्या खात्याला याचा त्रास जवळजवळ नाही.

अडचण आली तर मी मुलाच्या खात्यातले पैसे काढू शकतो का?

पालक म्हणून तुमची सही चालत असेल तर काढता येतात, पण पैसे मुलाचे आहेत आणि ते त्याच्या हितासाठीच काढायचे असतात. पोस्टात तर पालकाला स्लिपवर तसं लिहून द्यावं लागतं: मूल हयात आहे आणि रक्कम त्याच्यासाठीच हवी आहे.

घरात खरोखर नड असेल तेव्हा काय करावं, हे मी सांगणारा कोण? पण मुलाला कळल्याशिवाय काढू नका. ‘बाबांना गॅससाठी आठशे हवेत, दहा तारखेला परत भरतो’ असं सांगा, आणि दहा तारखेला परत भरा. ओवाळणीचे पैसे गुपचूप गेल्याचं मुलाला पासबुकातून कळलं तर पुढच्या दिवाळीला ते पैसे उशीखाली ठेवेल.

मुलीचं सुकन्या खातं आहे. वेगळं बचत खातं हवं का?

हवं. सुकन्या समृद्धी हे लांब पल्ल्याचं खातं आहे. ते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं, वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, आणि ते उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं. अठरा वर्षांची होईपर्यंत त्यात ती स्वतः काही भरत नाही की काढत नाही. ते तिच्या शिक्षणासाठी असू द्या, आणि रोजच्या सरावाला साधं बचत खातं काढा.

आम्ही परदेशात राहतो. भारतात मुलाचं खातं उघडता येईल का?

येईल. मूल अनिवासी असेल तर एनआरई किंवा एनआरओ खातं पालकांमार्फत उघडावं लागतं, साधं निवासी बचत खातं नाही. सुट्टीत आल्यावर आजीच्या गावच्या शाखेत साधं खातं उघडून टाकायचा मोह होतो, तो टाळा.

खातं उघडलं आणि तसंच पडून राहिलं. बंद होतं का?

दोन वर्षं ग्राहकाकडून काहीच व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. पैसे जात नाहीत आणि व्याजही मिळत राहतं. केवायसीचे, म्हणजे ओळख आणि पत्त्याचे, कागद पुन्हा दिले की खातं सुरू होतं, त्यासाठी शुल्क नसतं. दहा वर्षं हात लावला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण निधीकडे वर्ग होते, पण नंतरही बँकेमार्फत परत मागता येते. ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा विसरलेल्या ठेवी नावाने शोधता येतात.

नॉमिनी कोण लावावा?

मुलाच्या वतीने पालक नॉमिनी नोंदवतात. उघडतानाच नोंदवा, ‘नंतर बघू’ म्हटलं की ते राहतं.

मूल अठरा वर्षांचं झालं की काय करायचं?

वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात शाखेत जा. पालकांचा सहीचा अधिकार त्या दिवशी संपतो. बँक नवे केवायसी कागद, नवी नमुना सही आणि खातं कसं चालवायचं याच्या नव्या सूचना घेते. खातं पालक चालवत असतील तर शिल्लक किती आहे हेही मुलाकडून पक्कं करून घेतलं जातं. हे केलं नाही तर बँक व्यवहार थांबवू शकते, आणि बारावीनंतर नेमकी फी भरायच्या वेळी ते लक्षात येतं. क्रमांक तोच राहील का, हे आधी विचारा, कारण शिष्यवृत्तीची नोंद त्यावर असू शकते. पॅनही याच वेळी करून घ्या. लहानपणी काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते, ते अद्ययावत करावं लागतं.

शाखेने कारण न देता नकार दिला. कुठे जायचं?

आधी शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही. अर्जात मुलाचं वय, कोणत्या तारखेला गेलात आणि काय उत्तर मिळालं एवढंच लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती मोफत असते आणि वकील लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर १४४४८ वर फोन करा. तिथे कामकाजाच्या वेळात मराठीतही बोलता येतं.